पुंगळीची मान कातायची कशी: घट्ट चेंबरची रायफल घेतलेल्या नवशिक्यांसाठी

नवी कस्टम रायफल हातात आली की माणूस आधी स्टॉकचा रंग बघतो, मग ट्रिगर दाबून बघतो. तुम्ही आधी बॅरल वाचा. चेंबरजवळ, म्हणजे बॅरलच्या मागच्या टोकाला जिथे काडतूस बसतं तिथे, बारीक अक्षरांत काडतुसाच्या नावापुढे एक आकडा ठोकलेला असतो. माझ्या ६ पीपीसी काडतुसाच्या रायफलवर तो ‘०.२६२ एनके’ असा आहे. एनके म्हणजे नेक, मान: काडतुसाच्या पितळी पुंगळीचा गोळी धरणारा तोंडाकडचा अरुंद भाग. चेंबरमध्ये काडतुसाची मान जिथे बसते तिथलं भोक ०.२६२ इंचाचं आहे, एवढाच त्याचा अर्थ. पण पुढचे सगळे हिशेब त्या एका आकड्यातून निघतात.

मी मूळचा कोल्हापूरचा. उद्यमनगरात लेथवर हात बसला आणि आता बरीच वर्षं ओहायोत आहे. तिकडे आम्ही सुतात बोलायचो. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. इथे भाषा थाऊची आहे, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागाची. एका सुतात सव्वाशे थाऊ मावतात. एक थाऊ म्हणजे २५.४ मायक्रॉन, आणि थाऊचा दहावा भाग तो टेन्थ. मान कातायचं काम टेन्थमध्ये चालतं. लेथवर काम केलेल्याला यात नवीन काही नाही. ज्याने कधी मायक्रोमीटर धरला नाही, त्याने आधी आठ-दहा दिवस नुसतं मोजायला शिकावं, कटर नंतर घ्यावा.

आधी दोन गोष्टी कायद्याच्या

हा लेख अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी आहे. इथे स्वतःच्या वापरासाठी घरी काडतुसं भरायला केंद्र सरकारचं लायसन्स लागत नाही, पण राज्याचे आणि गावाचे नियम वेगळे असू शकतात, ते बघून घ्या. आपल्यातले बरेच जण एच-वन-बीवर आहेत. त्यांनी नीट ऐका: नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या माणसाला इथल्या फेडरल कायद्याने बंदूक आणि दारूगोळा जवळ ठेवायला सर्वसाधारणपणे मनाई आहे. वैध शिकार परवान्यासारखे काही अपवाद आहेत, पण ते वकिलाला विचारून घ्या, रेंजवरच्या मित्राला नाही. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. आणि भारतात हे करून बघण्याचा विचारही नको. तिथे लायसन्स नसताना दारूगोळा बनवणं १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे.

गावाकडून फोन आला की हमखास एक प्रश्न येतो: आपली तेजस्विनी सावंत, स्वप्नील कुसाळे हे असंच करतात का? नाही. स्वप्नीलने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळवलं ते पॉइंट टू-टू रिमफायर काडतुसावर. त्याचा स्फोटक मसाला पुंगळीच्या कडेत भरलेला असतो. एकदा उडाली की ती पुंगळी कचऱ्यात. आपण बोलतोय ती सेंटरफायर पुंगळी. तळाला मधोमध प्रायमर, म्हणजे दारू पेटवणारी छोटी टोपी, आणि नीट वागवली तर पुन्हा पुन्हा भरता येणारी.

हे कशासाठी करायचं, आणि कोणी करू नये

६ पीपीसी हे काडतूस डॉ. लू पाल्मिसानो आणि फेरिस पिंडेल या जोडीने १९७५ च्या सुमाराला तयार केलं. एक डॉक्टर, एक मशीनवरचा माणूस. त्यांनी पॉइंट टू-ट्वेंटी रशियनची पुंगळी घेतली, तिची मान सहा मिलिमीटरला फुगवली आणि खांदा, म्हणजे मानेखालचा उतार, तीस अंशांचा केला. बेंचरेस्टच्या, म्हणजे रायफल बाकावर टेकवून मारायच्या, स्पर्धेत शंभर आणि दोनशे यार्डांवर पाच गोळ्या एकाच भोकात घालायची धडपड असते. तिथे हे काडतूस आल्यावर बाकीच्यांची सद्दी संपली. आजही आमच्या ओहायोत केल्ब्लीच्या रेंजवर सुपर शूट ही बेंचरेस्ट स्पर्धा भरते तेव्हा बाकांवर बहुतेक हेच दिसतं.

घट्ट चेंबरमागची कल्पना सरळ आहे. कारखान्यातून आलेल्या पुंगळीच्या मानेची भिंत सगळीकडे सारखी जाड नसते. एका बाजूला एक थाऊ जास्त, दुसऱ्या बाजूला एक कमी. अशा मानेत गोळी बसवली की ती बॅरलच्या मध्यरेषेपासून किंचित सरकते, आणि मान तिला सगळीकडून सारखी सोडत नाही. म्हणून चेंबर मुद्दाम लहान करायचा आणि मान कातून तिची भिंत एकसारखी करायची. चेंबर लहान असल्यामुळे मान उडताना फार फुगत नाही, पुन्हा साइझ करताना, म्हणजे डायमध्ये दाबून मापाला आणताना, फार दाबावी लागत नाही, आणि पितळ जास्त टिकतं.

आता सरळ सांगतो. दुकानातून घेतलेली शिकारी रायफल असेल तर या भानगडीत पडू नका. तिचा चेंबर मुळातच सैल असतो. मान कातून तुम्ही तो आणखी सैल कराल, आणि उडताना मान जास्त फुगून पितळ लवकर तडकेल. फार तर जाड बाजू तेवढी छाटायची म्हणून हलका हात फिरवतात, पण नवशिक्याचा वेळ त्यापेक्षा सरावात गेलेला बरा.

धोका कुठे आहे

ही गोष्ट मी नवशिक्याला पहिल्या पाच मिनिटांत सांगतो. न कातलेली पुंगळी घ्या. मान फुगवल्यावर भिंत साधारण साडेबारा थाऊ राहते असं धरू. आत ०.२४३ ची गोळी बसवली तर बाहेरचं माप ०.२४३ अधिक ०.०२५, म्हणजे ०.२६८ होतं. चेंबर ०.२६२ चा. ते काडतूस आत जाणारच नाही. त्यामुळे त्यात धोका नाही. धोका आहे तो जोर लावल्यावर जेमतेम आत जाणाऱ्या काडतुसात. गोळी सुटायची तर मानेला थोडं फुगायला जागा हवी. जागा नसेल तर मान गोळीला चिमट्यात धरल्यासारखी धरते आणि आतला दाब एकदम चढतो. बोल्टचा, म्हणजे काडतूस आत लोटून चेंबर बंद करणाऱ्या भागाचा, दांडा हाताला अडला की लोक त्यावर तळहात मारतात. या रायफलवर ते कधीही करायचं नाही. अडलं की बाहेर काढायचं आणि मोजायचं.

एकदा रेंजवर शेजारच्या बाकावर एका गृहस्थांकडे दोन पीपीसी होत्या, एक घट्ट चेंबरची, एक सैल. दोन्हीची काडतुसं त्यांनी सारख्याच निळ्या डब्यांत ठेवली होती. बोल्ट अडला आणि त्यांनी हात उचललाही होता. मी ओरडलो. त्या दिवसापासून माझ्या डब्यावर झाकणाला आणि बुडाला, दोन्हीकडे ‘२६२’ लिहिलेलं असतं. झाकणं अदलाबदल होतात म्हणून दोन्हीकडे.

कागद-पेन्सिल

अजून हत्यार हातात घ्यायचं नाही. आधी तीन आकडे हवेत.

पहिला, चेंबरच्या मानेचा. बॅरलवरचा शिक्का हा गनस्मिथचा शब्द आहे, आणि शब्दावर विश्वास ठेवायला हरकत नाही. पण रीमरला, म्हणजे चेंबर कोरायच्या हत्याराला, धार लावून लावून तो बारीक होतो, क्वचित थोडं मोठं भोकही पडतं. त्याच्याकडे रीमरचं ड्रॉइंग मागा. जुनी, हातोहात फिरलेली रायफल घेतली असेल आणि शिक्काच नसेल, तर चेंबरचा साचा काढून घ्या. त्यासाठी सेरोसेफ नावाचा धातू मिळतो. तो ७० ते ८८ अंश सेल्सिअसच्या दरम्यान वितळतो. ओतल्यावर तो आधी आकसतो, म्हणून चेंबरमधून सहज निघतो. मग हळूहळू परत फुगतो आणि तासाभराने चेंबरच्या खऱ्या मापावर येतो. घाईने लगेच मोजलात तर माप लहान येईल.

दुसरा, गोळीचा. सहा मिलिमीटरची गोळी ०.२४३ इंचाची असं पुस्तक सांगतं. तुमच्या हातातली गोळी मोजा. पुष्कळ मॅच गोळ्यांच्या बुडाशी एक बारीकशी कड असते, तिला प्रेशर रिंग म्हणतात. बोटाला लागत नाही, मायक्रोमीटरला लागते. माझ्या पेटीतल्या गोळ्या पोटाशी ०.२४३० आणि त्या कडेवर ०.२४३४ भरल्या. हिशेबात घ्यायचा आकडा दुसरा.

तिसरा, फट. गोळी बसवलेली मान आणि चेंबर यांच्यातली एकूण मोकळीक. दोन्ही बाजू मिळून. जुने खेळाडू दीड थाऊवर चालवतात, काही त्याहून कमीवर. नवशिक्याने दोन थाऊ धरावी.

मग वजाबाकी. ०.२६२० मधून ०.००२० गेले, राहिले ०.२६००. त्यातून गोळीचे ०.२४३४ गेले, राहिले ०.०१६६. याचं अर्ध ०.००८३. तुमच्या मानेची भिंत एवढी ठेवायची: आठ थाऊ आणि तीन टेन्थ. आता हाच हिशेब पुस्तकातल्या ०.२४३० वर करून बघा. भिंत ०.००८५ येते, आणि प्रत्यक्षात फट दोन थाऊऐवजी १.६ उरते. कागदावर दोन, चेंबरमध्ये जेमतेम दीड. गोळी न मोजल्याची ही किंमत.

हा कागद बाकावर समोर चिकटवा. काम करताना डोक्यात आकडे ठेवायचे नाहीत.

हत्यारं

हाताने चालवायचा नेक टर्नर लागतो. के अँड एम, सिंक्लेअर, ट्वेंटीफर्स्ट सेंच्युरी, पीएमए अशा कंपन्यांचे मिळतात. रचना सगळ्यांची थोड्याफार फरकाने तीच: मधे एक गोल दांडा, म्हणजे मँड्रेल, आणि त्याच्या शेजारी एक छोटा कटर. पुंगळी फिरवत मँड्रेलवर चढवायची. मँड्रेल आतून आधार देतो, कटर बाहेरून छाटतो. त्या दोघांमधलं अंतर हीच तुमच्या भिंतीची जाडी. कटरचं टोक तुमच्या खांद्याच्या कोनाचं घ्या, ६ पीपीसीला तीस अंशांचं. वीस अंशांचं टोक पॉइंट थ्री-झिरो-एटवाल्यांचं, ते इथे चालणार नाही.

यासोबत एक एक्स्पांडर मँड्रेल हवा, तो काडतुसं भरायच्या प्रेसमध्ये बसतो. तो टर्नरच्या मँड्रेलपेक्षा साधारण एक थाऊ मोठा असतो, म्हणजे फुगवलेली मान टर्नरवर घट्टही होत नाही आणि डुगडुगतही नाही. दोन्ही एकाच कंपनीचे घ्या. मी पैसे वाचवायला एक इकडचा आणि एक तिकडचा घेतला होता. मान मँड्रेलवर लुळी फिरायची आणि प्रत्येक पुंगळी वेगळी निघायची. दोष हाताचा समजून मी महिनाभर स्वतःला कोसत होतो.

मोजायला टेन्थ दाखवणारा मायक्रोमीटर. मानेच्या भिंतीसाठी त्याचं एक टोक गोटीसारखं गोल असावं लागतं, कारण आतली बाजू वळणदार आहे आणि सपाट टोक तिथे खोटं बोलतं. व्हर्निअर इथे कामाचा नाही. डिजिटल व्हर्निअरच्या पडद्यावर अर्धा थाऊ दिसला म्हणून तो तेवढा अचूक होत नाही.

बाकी किरकोळ: लांबी कापायचा ट्रिमर, तोंडाचे बर, म्हणजे कापल्यावर उरणाऱ्या धारदार कडा, काढायचं हत्यार, चांगलं वंगण, चार शून्याचं स्टील वूल, आणि पुंगळी फिरवायला कमी वेगाचा बॅटरीचा स्क्रूड्रायव्हर. हातानेही फिरवता येते, पण शंभर पुंगळ्यांनंतर मनगट बोलायला लागतं.

पायरी पहिली: निवड

लापुआ कंपनीच्या शंभर पुंगळ्या घेतल्यात तर प्रत्येकीची भिंत चार ठिकाणी मोजा. ज्यांच्यात जास्तीत जास्त आणि कमीत कमी यांत दीड थाऊपेक्षा जास्त फरक आहे त्या बाजूला काढा. टाकून देऊ नका. सेटिंग करताना बळी द्यायला त्याच लागतात.

पायरी दुसरी: मान फुगवणं

टू-ट्वेंटी रशियनची मान ०.२२४ च्या गोळीसाठी असते, ती ०.२४३ ला न्यायची आहे. मानेच्या आत वंगण लावा, एक्स्पांडर सावकाश खाली आणा, तळाशी क्षणभर थांबा, मग वर. धक्का मारलात तर मान वाकडी फुगते. लावलेलं वंगण नंतर पुसून काढायचं आहे हे लक्षात ठेवा.

पितळ ताणलं की परत थोडं आकसतं, म्हणून फुगवल्यावर लगेच कातायला बसा. आज फुगवून पुढच्या रविवारी कातायला घेतलंत तर मान टर्नरवर आवळून बसलेली सापडेल.

पायरी तिसरी: लांबी

ही पायरी कंटाळवाणी वाटते म्हणून लोक टाळतात, आणि मग खांद्यापाशी गोंधळ होतो. बहुतेक टर्नरमध्ये पुंगळीचं तोंड एका टप्प्याला, म्हणजे स्टॉपला, टेकलं की कट थांबतो. पुंगळी दोन थाऊ लांब असेल तर कट खांद्यापासून दोन थाऊ आधीच थांबेल. म्हणून आधी सगळ्या एका लांबीला आणा, तोंडाचे बर आतून बाहेरून काढा, आणि मगच पुढे.

पायरी चौथी: कटर लावणं

बाजूला काढलेली एक पुंगळी घ्या. साडेबारावरून आठ-तीनवर जायचं म्हणजे प्रत्येक बाजूने चार थाऊ आणि दोन टेन्थ काढायचे. एका कटमध्ये जायचं नाही. पहिला कट साधारण ०.००९८ पर्यंत, दुसरा शेवटच्या मापाला. पहिल्या कटमध्ये साधारण पावणेतीन थाऊ निघतात, शेवटच्यात दीड. दीड थाऊचा कट गुळगुळीत येतो.

पहिला कट लावून फक्त अर्धा सूत मान काता, बाहेर काढा, पुसा, मोजा. जरा कटर आत, परत काता, परत मोजा. मापाला पोचायच्या आधी हळू व्हा, कारण पुढे गेलात तर मागे येता येत नाही. सेटिंग सापडलं की त्याच सेटिंगवर तीच पुंगळी पुन्हा एकदा फिरवा. आणखी एक-दोन टेन्थ निघतील. लेथवाल्यांना हे माहीत आहे, हा स्प्रिंग कट. हत्यार थोडं लवतं आणि दुसऱ्या फेरीत उरलेलं काढतं. तुम्ही प्रत्येक पुंगळीला एक फेरी देणार की दोन हे आत्ताच ठरवा आणि शंभराव्या पुंगळीपर्यंत तेच ठेवा. माझं मत दोन.

पायरी पाचवी: कातणं

आता खरं काम. मँड्रेलला वंगणाचा एक थेंब, मानेच्या आत बोटाने हलकं वंगण. प्रत्येक पुंगळीला. पाचवीला लावलं, सहावी तशीच चालेल, असं नाही. पितळ कोरड्या स्टीलला चिकटतं, आणि एकदा चिकटलं की मँड्रेलवर सोनेरी ओरखडा उमटतो. तो ओरखडा पुढच्या प्रत्येक मानेला आतून खरवडतो. माझ्या पहिल्या हंगामात रात्री साडेअकराला, ‘एवढ्या वीस संपवूनच झोपतो’ म्हणत मी वंगण वगळलं. तिसऱ्या पुंगळीला स्क्रूड्रायव्हर गुरगुरला, चौथीची मान पिळून कागदासारखी फाटली. मँड्रेल साफ करायला जेवढा वेळ गेला तेवढ्यात चाळीस झाल्या असत्या.

स्क्रूड्रायव्हर हळू फिरू दे. पुंगळी पुढे ढकलण्याचा वेग त्याहून महत्त्वाचा. भरभर ढकललीत तर मानेवर आट्यांसारख्या रेघा पडतात. तुम्ही जाडी मोजता ती रेघांच्या शिखरांची, दऱ्या त्याहून खोल असतात. अगदी सावकाश ढकला. कटरखालून निघणारा चुरा बघा. बारीक केसासारखा, सलग, चमकदार येत असेल तर वेग बरोबर. तुकडे किंवा पावडर येत असेल तर धार गेली आहे किंवा वंगण कमी आहे. कान लावून ऐकलंत तर चांगल्या कटचा आवाज एकसुरी येतो. खरखर बदलली की थांबा.

दहा-पंधरा पुंगळ्यांनंतर टर्नर हाताला कोमट लागतो. थांबा, चहा घ्या. गरम मँड्रेल फुगतो, मान आवळते, मापं सरकतात. मी दोन टर्नर आलटून पालटून वापरणारेही पाहिलेत. मला चहा परवडतो.

प्रत्येक दहावी पुंगळी मोजा, चार ठिकाणी. मायक्रोमीटर आधी शून्यावर आहे का ते बघा, कारण तासभर मुठीत धरल्यावर तोही सरकतो. एक-दोन टेन्थचा फरक चालेल. चार-पाच टेन्थ दिसले तर कटरचा स्क्रू ढिला झाला आहे.

पायरी सहावी: खांदा, आणि मेदूवडा

कट कुठे थांबवायचा हा नवशिक्यांचा सगळ्यात मोठा घोळ. मान आणि खांदा जिथे मिळतात तिथे पितळ जाड असतं. कट तिथवर नेला नाही, तर पुढे पुन्हा पुन्हा भरून उडवताना ते जाड पितळ मानेच्या आत सरकतं आणि तिथे एक गोल कड तयार होते. इकडचे लोक तिला डोनट म्हणतात. मी मेदूवडा म्हणतो, कारण भोक तसंच. गोळीचं बूड त्या कडेत अडकलं की तिथे पकड भलतीच वाढते. उलट कट खांद्यात फार आत नेला तर तिथेच पुंगळी कमजोर होते आणि मान खांद्यापासून तुटून चेंबरमध्ये राहू शकते. ती काढताना गनस्मिथकडे जाताना तोंड लपवावं लागतं.

साधारण नियम असा की कटर खांद्याला नुसता चाटून गेला पाहिजे. खांद्याच्या वरच्या टोकावर एक बारीक चमकदार कडं दिसतं, बस.

पीपीसीत मात्र एक गंमत आहे. टू-ट्वेंटी रशियनची पुंगळी अजून पीपीसीच्या आकाराची नाही. तो आकार तिला पहिल्यांदा उडवल्यावर चेंबरमध्ये मिळतो. तोवर तिला चेंबरमध्ये पुढेमागे सरकू न देता धरणार कोण? तर तुमच्या कटची शेवटची पायरी. जिथे कट थांबला तिथे न कातलेल्या जाड पितळाची एक छोटीशी पायरी उरते, ती चेंबरच्या कोपऱ्यात टेकते. म्हणून कटची लांबी रायफलला विचारून ठरवायची. बोल्टमधून फायरिंग पिन, म्हणजे प्रायमरवर आपटणारी सुई, काढा. पुंगळी पूर्ण रिकामी, प्रायमर नाही, दारू नाही, गोळी नाही. ती चेंबरमध्ये घाला आणि बोल्ट दोन बोटांनी खाली आणा. अजिबात येत नसेल तर कट किंचित पुढे न्या. शेवटच्या टप्प्यात, नव्या कुलपाची किल्ली फिरावी तसा हलका विरोध लागला की लांबी बरोबर. विरोधच नाही, दांडा आपोआप पडला, तर तुम्ही पुढे गेलात. ती पुंगळी भरू नका. मग टर्नरचा स्टॉप तिथे पक्का आवळा आणि बाकीच्या सगळ्या तेवढ्याच काता. थोडी थोडी लांबी वाढवत जायला आठ-दहा फेऱ्या लागतात. लागू देत.

पायरी सातवी: साफसफाई

स्टील वूल मानेवरून दोन-तीन वेळा हलकं फिरवा, म्हणजे रेघांची शिखरं जातील. जास्त घासलंत तर त्यातही टेन्थ निघून जातात. तोंडाचा बर पुन्हा काढा, कारण कातताना नवा येतो. मग वंगण आणि चुरा पूर्ण धुऊन काढा आणि कोरडं करा. मानेत राहिलेला पितळाचा एक केस बॅरलमध्ये जायला नको.

पायरी आठवी: निकाल

आतापर्यंत कटरने सांगितलेलं, भिंतीने सांगितलेलं, सगळं अंदाजे. खरा निकाल गोळी बसवल्यावर लागतो. एका कातलेल्या पुंगळीत दारू आणि प्रायमर न घालता तुमची नेहमीची गोळी नेहमीच्या खोलीवर बसवा. आता मानेचं बाहेरचं माप सपाट मायक्रोमीटरने घ्या: तोंडापाशी, मधे, आणि गोळीची कड जिथे येते तिथे. पुंगळी फिरवून दोन-तीनदा. सगळ्यात मोठा आकडा धरा. आमच्या हिशेबाने तो ०.२६०० यायला हवा. ०.२६०५ आला तर फट दीड थाऊ उरली. घाबरायचं कारण नाही, पण नवशिक्याने आणखी अर्धा थाऊ काढावा, म्हणजे भिंतीतून अडीच टेन्थ. ०.२६१० आला तर एकही काडतूस भरू नका. परत टर्नरवर.

हे नकली काडतूस फायरिंग पिन काढलेल्या रायफलमध्ये घालून बघा. मग त्यावर लाल शाईने खूण करून डब्यात जपून ठेवा. पुढच्या वर्षी गोळीची नवी पेटी आली की पुन्हा असंच एक करून मोजायचं. त्याच कंपनीच्या दुसऱ्या पेटीतली कडही एक-दोन टेन्थनी वेगळी येऊ शकते.

मान दाबणाऱ्या डायमधली बुशिंग, म्हणजे तिच्यातली बदलता येणारी कडी, या आकड्यावरूनच निवडतात. गोळीसह मान ०.२६० असेल तर ०.२५८ ची बुशिंग घेऊन सुरुवात करा. दारू किती घालायची ते इथे लिहिणार नाही. ते छापील मॅन्युअलमध्ये बघा आणि सगळ्यात खालच्या वजनापासून चढा.

पहिली गोळी उडाल्यावर

रेंजवर पहिली पुंगळी बाहेर आली की ती गार होऊ द्या. हिचा खांदा आता पीपीसीचा झालेला दिसेल, टोकदार आणि स्वच्छ. खिशातून तुमच्या पेटीतली एक नवी गोळी काढा. पुंगळी सरळ उभी धरा आणि गोळी बुडाकडून तिच्या तोंडात सोडा. दाबायचं नाही, नुसती सोडायची. ती आपल्या वजनाने आत घसरली आणि पुंगळी उपडी केल्यावर खडकन बाहेर पडली, तर मानेला फुगायला जागा मिळाली होती, पुढची भरा. गोळी तोंडाशीच अडकली, किंवा बोटाने रेटावी लागली, तर तिथेच थांबा. बाकीची भरलेली काडतुसं डब्यात परत ठेवा, डबा गाडीत ठेवा, आणि घरी येऊन पुन्हा मायक्रोमीटर उघडा.